न लिहिलेला उजवा हात

कुमुदताई, मी आज जो काही आहे त्यात सगळ्यात मोठा वाटा तुमचा आहे. हे वाक्य तुमच्यासमोर मी तीनदा म्हणायला गेलो आणि तिन्ही वेळा तुम्ही मला चहाचे कप आत नेऊन ठेवायला सांगितलंत. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम रविवारी आहे, म्हणजे चार दिवसांनी. आपली व्हायोलिनवाली यास्मिन म्हणाली, ताईंची आठवण म्हणून छोटी पुस्तिका काढू, दारात सगळ्यांच्या हातात देऊ, तू लिही. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, वाजवताही येत नाही म्हणतोस, मग दोन्ही तूच कर.

मला भीती वाटते, ताई. लाजून सांगत नाही, तब्येत सांगावी तसं सांगतो. जेवण जात नाही. सिग्नलला स्कूटर थांबली की डाव्या हाताची बोटं हँडलवर आपोआप खालचे स्वर वाजवायला लागतात आणि उजवा हात ब्रेक धरून नुसता बसून राहतो. डाव्याला काय वाजवायचं ते माहीत आहे. उजव्याचं कुठे लिहिलेलंच नसतं.

मी तुमच्याकडे शिकायला आलोच नव्हतो. कंपनीने मला हवेतला ओलावा शोषणारं यंत्र बसवायला पाठवलं होतं. कोथरूडच्या सोसायटीतला दुसरा मजला, हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही, मधोमध चादरीखाली काहीतरी लांबट. मी विचारलं, हे इस्त्रीचं टेबल जरा सरकवू का. तुम्ही म्हणालात, "सरकवा की. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे ह्याच्यावरच इस्त्री करायचे." मी खरंच मान डोलावली. मग तुम्ही चादर काढलीत आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हार्पसिकॉर्ड पाहिला. पेटीसारख्या पट्ट्या, पण आत भाता नाही, तारा; आणि पट्टी दाबली की तारेला नखी लागावी तसं आतलं पीस तारेला छेडून जातं.

यंत्र बसवून मी पाणी साठायची टाकी कशी रिकामी करायची ते दाखवत होतो आणि तुम्ही तारा लावत होतात. मला राहवलं नाही. त्या दोन तारा अजून भांडतायत, असं मी म्हणालो. तुम्ही विचारलंत, कशावरून. मी सांगितलं की आमच्या करमाळ्याला वडिलांची पिठाची गिरणी आहे, पट्टा सैल झाला की आवाज वाँव-वाँव करत हलतो, वडील रस्त्यापलीकडून ओळखतात, तसा ह्या तारांचा आवाज हलतोय. तुम्ही तारा पिळायची किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मग मिटवा भांडण."

मिटवलं. पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा बोलावलंत. यंत्र उत्तम चालत होतं. तक्रार काय लिहू असं मी फॉर्म काढून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, लिहा, मालकीणबाईंचा कान म्हातारा झाला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा वाद्यवृंद म्हणजे तीन वाजवणारे आणि एक मी. व्हायोलिनवर यास्मिन, जिच्या अब्बांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. चेलोवर डिसूझाकाका, खडकवासल्याच्या लष्करी अकादमीच्या बँडमधून निवृत्त झालेले. हार्पसिकॉर्डवर तुम्ही. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर, आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावून वाजवायचं. व्हायोलिन आणि चेलोच्या तारा पोलादी नाहीत, आतड्याच्या. तुम्ही सगळे त्यांना इंग्रजीतून 'गट' म्हणायचात. पिंजाऱ्याच्या कमानीला असते तीच ही, आमच्याकडे तिला तात म्हणतात, असं मी सहज बोललो, तर तुम्ही लगेच डिसूझाकाकांना फोन लावून सांगितलंत की आजपासून आपण तात म्हणायचं. काका म्हणाले, तात म्हणा नाहीतर बाप म्हणा, दमट हवेत दोघंही रुसतात. माझा एक शब्द तुम्ही तुमच्या घरात वापरायला घेतलात. माझ्यासारख्याला पुण्यात त्याचं काय वाटतं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षं मी नुसत्या तारा लावल्या. मग एक दिवस तुम्ही म्हणालात, दुसऱ्याच्या ताटाला पाट मांडून किती दिवस उभा राहणार, बस.

आणि भीती सुरू झाली. ह्या संगीतात हार्पसिकॉर्डवाल्यापुढे जो कागद असतो त्यावर फक्त डाव्या हाताचे स्वर लिहिलेले असतात. उजव्यासाठी असतात नुसते आकडे. आकडा म्हणजे खालच्या स्वरापासून मोजत गेलं तर कितवा स्वर घ्यायचा ते. तो दाट घ्यायचा की विरळ, एकदम की उलगडत, हे वाजवणाऱ्याने त्या क्षणी, समोरच्या व्हायोलिनचा श्वास ऐकून ठरवायचं. तुम्हाला ह्यात गंमत वाटायची. मला वाटायचं, हा तर न सांगितलेला पेपर आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. डिप्लोमाच्या पहिल्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत साधा प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं, पण मी पाठ केलेल्या उत्तरांमध्ये ते नव्हतं. मी उभा राहिलो. ते म्हणाले, नेक्स्ट. त्या दिवसापासून मी सगळं आधी लिहून काढतो. गिऱ्हाइकाला फोन करायचा तरी पहिली तीन वाक्यं कागदावर असतात.

तुम्हाला हे मी सांगितलं होतं. आकडे मोजताना मी अजून मनात "पाच, सहा, सात" म्हणतो, घाबरलो की इंग्रजी आकडा लागतच नाही, हेही सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी स्टँडवर तुमच्या हाताने उतरवलेले कागद होते आणि स्वरांखालचे सगळे आकडे देवनागरीत होते. ६, ७, ४ ३. जगात असे कागद दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही. यास्मिन म्हणाली, हे तर वाण्याचं बिल वाटतंय.

तरीही मी तुम्हाला फसवलं, ताई. घरी मी एक शंभर पानी वही केली आणि तुमच्या आकड्यांवरून उजव्या हाताचा प्रत्येक स्वर लिहून काढला. मग तो पाठ केला. शनिवारी तुमच्यासमोर सुचल्यासारखं वाजवायचो. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकायचात. एकदाच म्हणालात, "दत्ता, तुला दर शनिवारी तेच कसं रे सुचतं?"

दोन वर्षांपूर्वी वारज्यातल्या शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि त्याच सकाळी तुमचा खांदा धरला. हात वर होईना. तुम्ही मला बसवलंत. मी वही कागदाखाली लपवून नेली. संथ भागात तीन ठिकाणी तुम्ही '४ ३' लिहिलं होतं. म्हणजे चौथा स्वर आधी धरायचा, तो कानाला टोचतो, आणि तो टोचून झाला की मग तिसऱ्यावर सोडायचा. तुमचा ४ वर मिटलेला होता. माझ्या डोळ्यांना तो इंग्रजी आठ दिसला होता आणि वहीत मी आठवाच स्वर लिहिला होता. तिन्ही वेळा मी आठवा वाजवला. काही बिघडलं नाही, फक्त जिथे टोचायला हवं तिथे टोचलं नाही. डिसूझाकाकांनी तिन्ही वेळा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या बघण्याने मी हललो होतो, आणि तेवढ्यात यास्मिनने शेवटाआधीचा स्वर लांबवला. फार सुंदर लांबवला. माझ्या वहीत तो दोन मात्रांचा होता. दोन मात्रा झाल्या, मी पुढे गेलो, आणि पुढे कोणीच नव्हतं. ती जागा मला अजून दिसते. दोनशे माणसांसमोर मी एकटा पुढच्या ओळीत उभा आणि ते दोघं मागे. मी उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. उरलेला सगळा वेळ मी एका हाताने वाजवलं. टाळ्या झाल्या. एक गृहस्थ येऊन म्हणाले, काय संयम आहे हो तुमच्या वाजवण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पोहे केले होते. कागद पुढे ठेवून विचारलंत, हा काय आहे. मी म्हटलं, आठ.

"चार आहे."

"आठ दिसतो, ताई."

"मी आठ लिहीतच नाही. तो गृहीत असतो, आणि जे गृहीत असतं ते लिहायचं नसतं. आणि लिहिलाच तर देवनागरीत लिहीन. तुझा डोळा इंग्रजी कधी झाला रे?"

मला ते लागलं. डोळा इंग्रजी करायला मला बारा वर्षं लागली होती. मी म्हणालो, "तुम्हाला इंग्रजी घरातच मिळालं, म्हणून तुम्हाला मराठी आकड्यांचं कौतुक परवडतं."

तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात. मग म्हणालात, पोहे गार होतायत.

तो वाद तिथेच राहिला. मी माफी मागितली नाही. तुम्ही ते आकडे कौतुकाने लिहिले नव्हते, मी घाबरू नये म्हणून लिहिले होते, हे मला बोलतानासुद्धा माहीत होतं. पण तुमचा टोमणाही मला लागायचा तो लागलाच, आणि तुम्हीही तो परत घेतला नाहीत. आज दोघांपैकी एकच उरला आहे, तेव्हा मीच जिंकल्यासारखं लिहिणं बरं नाही. जसं होतं तसं ठेवतो.

त्यानंतर मी पुन्हा तारा लावणारा झालो. किल्ली हातात असली की मला कशाचीच भीती वाटत नाही, तिथे बरोबर आणि चूक कानाला कळतं. तुम्ही दोन वर्षं काही म्हणाला नाहीत. ह्या मार्चमध्ये म्हणालात, ऑगस्टच्या कार्यक्रमाला तू बसायचं आहेस, माझा हात आता ऐकत नाही. मी हसलो. मला वाटलं, तोपर्यंत तुमचा हात बरा होईल. हात बिघडला नव्हता, आत वेगळंच काही बिघडलं होतं, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं आणि आम्हाला जूनमध्ये कळलं.

दवाखान्यात मी एकदाच आलो. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून लिहितो. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलंत, "बसणार ना?" मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मग म्हणालो, तुमच्या घरच्या यंत्राचा फिल्टर बदलायचा आहे, निघतो. तुम्ही मरणाच्या दारात होतात आणि मी फिल्टरचं निमित्त सांगून पळालो.

ऑफिसात येऊन मी तुम्हाला पत्र लिहिलं. समोर बोलता आलं नाही की मी लिहितो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या पत्रात जे लिहिलं ते खोटं होतं. बसायचं मी ठरवलं नव्हतं. वही फाडली नव्हती. माझा हिशेब सरळ होता: तुम्ही निश्चिंत व्हाल आणि नंतर कोण विचारतंय. कार्यक्रम रद्द होईल, किंवा यास्मिन कोणाला तरी मुंबईहून बोलावेल.

पत्र यास्मिनच्या हातून पाठवलं. त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात. वैकुंठ स्मशानभूमीत डिसूझाकाका परेडला उभे राहतात तसे ताठ उभे होते. बाहेर आल्यावर मी यास्मिनला हळूच विचारलं, वाचलं का त्यांनी. ती म्हणाली, मीच वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. मग तुम्ही काय म्हणालात तेही तिने सांगितलं.

"खोटं बोलतोय. पण लिहिलंय चांगलं. जपून ठेव, आता त्याला बसावं लागेल."

हे ऐकल्यापासून माझी झोप गेली आहे. जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, जाऊन तोंड दाखवता येतं, चार शिव्या खाता येतात. तुम्ही माझं खोटं ओळखलंत आणि त्याच खोट्याला मला बांधून निघून गेलात.

यास्मिनने मुंबईहून कोणाला बोलावलं नाही. मी सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "बोलाव की. त्यांना आधी वाण्याचं बिल वाचायला शिकव." काकांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बघ, बँडमध्ये आम्ही चुकलो तर पाय थांबवायचे नाहीत एवढीच ऑर्डर असायची, तू चुकलास तर मी आहे, पण हात मांडीवर ठेवलास तर मी चेलो वाजवायचा थांबेन, आणि मग लोकांना कळेल. हा धीर होता की धमकी, मला कळलं नाही.

परवा तुमच्या घराची किल्ली घेऊन वाद्य लावायला गेलो. यंत्राची टाकी काठोकाठ भरून यंत्र आपोआप बंद पडलं होतं. किती दिवस कोणास ठाऊक. रोज सकाळी ती टाकी तुम्ही रिकामी करायचात, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. लाकूड फुगलं होतं. मधल्या चार पट्ट्या दाबल्या की खालीच राहत होत्या. मी खाली बसलो. मला वाटलं, तुमच्यामागे हेही मेलं, आणि माझ्यामुळे. मग टाकी ओतली, खिडक्या लावल्या, यंत्र चालू केलं आणि दुपारभर तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी तीन पट्ट्या वर आल्या. चौथी काल आली.

बसल्या बसल्या तुमचं कागदांचं बाड उघडलं. ह्या कार्यक्रमाचे सगळे कागद तुम्ही नव्याने उतरवले आहेत. अक्षर कापरं आहे. पण प्रत्येक ४ वरून उघडा आहे, इतका उघडा की त्यात चमचा राहील. एकही मिटलेला नाही, मी शेवटपर्यंत पाहिलं. आणि अगदी शेवटच्या स्वराखाली, जिथे काहीच लिहायची गरज नसते तिथे, तुम्ही ८ लिहिला आहे. देवनागरी. ज्यांनी कधी आठ लिहिला नाही त्यांनी. ही माफी आहे, की चेष्टा, की "घे बाबा, हा असा दिसतो आठ" असा टोमणा, मी पुष्कळ वेळ बघत बसलो. मला उलगडलं नाही. हसू आलं आणि तिथेच मोठ्याने रडलो. शेजारच्या काकू बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

ताई, धीर आला म्हणून मी हे लिहीत नाही. धीर आलेला नाही. वही अजून माझ्या पिशवीत आहे आणि नव्या कागदांपैकी पहिली दोन पानं मी सवयीने तिच्यात लिहूनही काढली आहेत. तिसऱ्या पानाला थांबलो. मला माहीत आहे की यास्मिन रविवारी कुठला तरी स्वर लांबवणारच, आणि कुठला ते तिलाही आत्ता माहीत नाही. ती वही नेली तर मी पुन्हा त्या ओळीत एकटा जाऊन उभा राहीन. नाही नेली तर काय होईल, ते मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याची भीती जास्त असते, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

म्हणून एकच गोष्ट करतो आहे, जी मला जमते. लिहितो. तुम्हाला पाठवलेलं पत्र यास्मिनने जपून ठेवलं होतं, ते तिच्याकडून मागून घेतलं आणि खाली जसंच्या तसं उतरवतो. रविवारी ही पुस्तिका लोकांच्या हातात असेल आणि मी त्यांच्यासमोर असेन. स्टँडवर काय आहे, माझा उजवा हात कुठे आहे, ते प्रत्येकाला दिसेल. एवढे सगळे साक्षीदार असताना मला पळता येणार नाही. खोटं लिहिलं तेव्हा ते तुमच्या एकटीसाठी होतं. आता ते खरं करायला मला सगळे लागतील.

आदरणीय कुमुदताईंना,

सा. न. वि. वि.

सकाळी मी घाईत निघालो, राग मानू नये. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर राहिलं. मी बसणार आहे. तुम्हाला माहीत नसेल, पण मी एक वही केली होती, त्यात सगळं आधी लिहायचो. ती फाडून टाकली आहे. त्या दिवशी माझ्यापुढे फक्त तुमचे कागद असतील.

वाद्य आदल्या दिवशी सकाळी लावीन आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा. टेम्पोवाल्याशी बोललो आहे, गाद्या तो आणणार आहे. तुम्ही काळजी करू नका.

डॉक्टर म्हणतात तोपर्यंत तुम्ही घरी याल. कार्यक्रमाला जरूर या. फक्त एक विनंती आहे. पहिल्या रांगेत बसू नका. तुम्ही दिसलात तर मी कागद सोडून तुमच्याकडेच बघत बसेन. मागे कुठेतरी, मला दिसणार नाही अशा जागी बसा. तुम्ही आहात एवढं मला माहीत असलं की पुरे.

आपला,
दत्तात्रय